थंड हवेचे ओझे

पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने आमची ही पेठ अठराव्या शतकात वसली, तेव्हा तिचे रस्ते आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पालख्या होत्या, मेणे होते, बैलगाड्या होत्या. मोटार त्यांच्या स्वप्नातही नव्हती. म्हणूनच की काय, सदाशिव पेठेत मोटार धावते थोडी आणि उभी राहते फार. नागनाथ पारापाशी थांबा, टिळक रस्त्याच्या सिग्नलला थांबा, पुढे टेम्पोतून माल उतरत असेल तर तिथेही थांबा! अशा ठिकाणी गाडीची परीक्षा वेगात होत नाही. जागच्या जागी उभी असताना तिचे इंजिन किती शांतपणे चालते, यात होते. गॅरेजातले मिस्त्री या चालण्याला 'स्लो' म्हणतात.

आमच्या घरची मारुती ८०० ही १९९४ सालची, वडिलांनी हौसेने घेतलेली वातानुकूलित गाडी. ते गेल्यावर तिच्याकडे एकच मुख्य काम उरले: आईला दर आठवड्याला दवाखान्यात नेणे. गेल्या वैशाखात गाडीने एक खोड धरली. ए.सी. लावला की 'खट्' असा आवाज व्हावा, गाडीने अंग शहारावे आणि भर सिग्नलला बंद पडावे. मागे हॉर्नांचा गजर आणि आत घामाघूम आई! एका गॅरेजवाल्याने स्क्रू पिळून स्लो वाढवून दिला. पेट्रोल जास्त जळू लागले. खोड गेली नाही. दुसरा म्हणाला, "वय झालं हो गाडीचं. भंगारात देऊन टाका." त्याच आठवड्यात आईच्या गुडघ्यांविषयी डॉक्टरही "वयामुळे" एवढेच बोलून थांबले होते. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "चला! आम्हा दोघींचा निकाल एका शब्दात लागला."

ते वाक्य मला लागले. आमच्याच पेठेत १९१० साली राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. अस्सल कागद पाहिल्यावाचून निकाल देऊ नये, हा तिथला धडा. मग गाडीच्या बाबतीतच तो का मोडावा? म्हणून मी या 'खट्'चा इतिहास धुंडाळू लागलो.

जर्मनीत मायबाख यांनी १८९३ साली पेट्रोलचे तुषार हवेत मिसळणारा कार्बोरेटर सिद्ध केला. पुढे त्यात एक बारीकशी वाट निराळी ठेवण्यात आली. गाडी उभी असताना मुख्य झडप जवळजवळ मिटलेली असते. तेव्हा या वाटेने येणाऱ्या थेंबांवर इंजिन तग धरते. ही शक्ती इंजिनाला स्वतःचे चाक फिरते ठेवण्यापुरतीच असते. महिनाअखेरच्या पगारासारखी, त्यातून पाहुण्यांची सोय व्हायची नाही.

आणि पाहुणा तर आला. १९३९ साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने मोटारीत वातानुकूलन यंत्र बसवून दाखवले. त्या यंत्राने डिकीची बरीच जागा व्यापली होती. गंमत अशी, की त्याचा कॉम्प्रेसर इंजिनापासून सोडवायची सोयच नव्हती. तो थांबवायचा तर इंजिन बंद करून पट्टा काढावा लागे! पुढे विजेच्या चुंबकाने जोडला जाणारा आणि सुटणारा क्लच आला. आमचा 'खट्' तो हाच. त्या क्षणी कॉम्प्रेसरचे सारे ओझे त्या काटकसरीने चाललेल्या इंजिनावर पडते.

आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली आणि पुढे तिच्याच वंशातली पद्मिनी. हौशी मालक तिच्यात वातानुकूलन मागाहून बसवून घेत. इंजिन अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे. उन्हाळ्यात सिग्नलला ड्रायव्हरचा एक पाय ब्रेकवर आणि लक्ष रेसवर! १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे इंजिन आणखी लहान, ७९६ घनसेंटिमीटरचे. मात्र आमच्या गाडीत या ओझ्यावर उतारा योजलेला आहे. ए.सी. लागताच विजेची एक छोटी झडप उघडते, इंजिनातील निर्वाताची ओढ रबरी नळीतून एका पडद्यापर्यंत पोहोचते, आणि पडदा दांडी ओढून कार्बोरेटर किंचित उघडतो. इंजिनाचा वेग वाढतो आणि ओझे सोसले जाते. पुढे कार्बोरेटर गेले, आणि हे काम गाडीतला संगणक करू लागला.

हे कळल्यावर एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना उचलण्याआधी ए.सी. बंद ठेवून इंजिन ऐकले. चाल एकसारखी होती. "म्हणजे प्लग बरे, कार्बोरेटरही बरा," ते म्हणाले. मग ए.सी. लावून पंखा पाहिला. तो फिरला नाही तर गॅसचा दाब चढतो आणि ओझे दुप्पट वाटते. पंखा ठीक होता. क्लच पुन्हा पुन्हा लागतो-सुटतो का, तेही पाहिले. तसे झाल्यास गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा. तसेही नव्हते. शेवटी ते बॉनेटखाली वाकले आणि म्हणाले, "आजी, आता जरा बटण दाबा बघू." खट् झाले, दांडी हलली नाही. झडपेच्या तोंडाशी बोट लावले तर ओढ होती, पडद्याशी नव्हती. मधली बोटभर लांबीची रबरी नळी उष्णतेने चिरली होती!

नवी नळी दोन चहांच्या किमतीत आली. मिस्त्रींनी वाढवलेला स्क्रूही पूर्ववत केला. ए.सी. लावला, खट् झाले, इंजिनाने क्षणभर श्वास घेतला आणि चाल सावरली.

तात्पर्य, थंड हवेने दोष निर्माण केला नव्हता. लपलेला दोष उघड केला होता. नळी जुनी झाली होती हे खरेच. पण ती कोणती नळी, हे शोधणे म्हणजे निदान. 'वय झाले' हे निदान नव्हे. ते शोध थांबवण्याचे निमित्त आहे.

परतताना टिळक रस्त्याच्या सिग्नलला आम्ही बराच वेळ उभे होतो. गाडी शांत होती. आई म्हणाली, "उद्या त्या डॉक्टरांना विचारीन, वय सोडून आणखी काय झालंय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीतूनच नेले. ए.सी. लावून.