‘नागपूर संत्रा’ या नावाविषयी तळटीप
व्यापारचिन्ह ही विकता येणारी मालमत्ता असून, व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ३८ नुसार नोंदणीकृत चिन्ह धंद्याच्या नावलौकिकासह किंवा त्याविना दुसऱ्याच्या नावे करता येते, तसेच मालकी स्वतःकडे राखून केवळ वापराचा परवानाही देता येतो. ‘नागपूर संत्रा’ हे नाव मात्र २०१४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणांची कायदेशीर ओळख, म्हणून नोंदले गेले असल्याने पेटीवरील व्यापाऱ्याचे चिन्ह विकले गेले तरी ते नाव त्यासोबत जात नाही. कारण भौगोलिक मानांकनाविषयीच्या १९९९ च्याच अधिनियमातील कलम २४ अशा हक्काची विक्री, परवाना वा तारण यांना मनाई करते आणि अधिकृत वापरकर्त्याच्या मृत्यूनंतर तो वारसाकडे जाणे एवढाच अपवाद मान्य करते.