रक्तातल्या ‘अस्तराच्या पेशी’ : रक्तवाहिन्यांची आतली खबर देणारी तपासणी काय आहे?

सकाळी डेअरीला दूध घालून आला, चहा घेतला आणि बसल्या जागी छातीला हात लावला. अशी बातमी कुठल्या ना कुठल्या गावातून येतच असते. घरचे मग सांगतात, “मागच्याच आठवड्यात ईसीजी काढला होता, नॉर्मल होता.” ते खोटं नसतं. ईसीजी त्या घडीचं सांगतो. धमनीच्या आत साचलेला चरबीचा थर उद्या फुटणार आहे का, हे त्यात दिसत नाही.

हे रक्तातून आधी कळेल का, याचा शोध जगभरात सुरू आहे. त्यातली एक वाट म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून सुटलेल्या पेशी रक्तात हुडकून मोजणं.

अस्तर म्हणजे नेमकं काय?

शरीरातली प्रत्येक रक्तवाहिनी, मोठी महाधमनी असो की केसाहून बारीक केशवाहिनी, आतून पेशींच्या एकाच थराने मढवलेली असते. डॉक्टर त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा थर ठिबकच्या नळीसारखा निर्जीव नाही. तो रक्त गोठू देत नाही, वाहिनी कधी सैल सोडायची नि कधी आवळायची हे ठरवतो. त्यासाठी तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुइस इग्नारो आणि फरीद मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं.

वाढलेलं बीपी, साखर, तंबाखू, खराब कोलेस्टेरॉल या सगळ्यांचा पहिला मार या अस्तरावर बसतो. मार बसला की काही पेशी भिंतीवरून सुटतात आणि रक्ताबरोबर वाहू लागतात.

१०० क्विंटल बाजरीत एक दाणा

एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी लाल पेशी असतात. निरोगी माणसाच्या तेवढ्याच रक्तात अस्तराच्या सुटलेल्या पेशी साधारण दहाच्या आतच, कित्येकदा तीन-चारच सापडतात. म्हणजे ट्रकभर, १०० क्विंटल बाजरीत वेगळा असा एखादाच दाणा. आपण नेहमी करतो त्या सीबीसीच्या मशीनला हा दाणा दिसत नाही.

म्हणून युक्ती वेगळी लागते. या पेशींच्या अंगावर ‘सीडी १४६’ नावाची एक खूण असते. त्या खुणेलाच चिकटणारी प्रतिपिंडं बारीक लोहयुक्त मण्यांवर बसवतात, मणी रक्तात मिसळतात आणि बाहेरून चुंबक लावतात. पेशी मण्यांसकट ओढल्या जातात. मग चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजतात. दुसरी पद्धत फ्लो सायटोमीटरची. त्यात पेशी एका रांगेत लेझरच्या उजेडासमोरून जातात. एचआयव्हीच्या रुग्णांची सीडी ४ तपासणीही याच तंत्राने होते, त्यामुळे हे मशीन परग्रहावरचं नाही.

एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी. सुई टोचताना सुईच शिरेचं अस्तर खरवडते. म्हणून रक्ताची पहिली नळी या मोजणीसाठी वापरत नाहीत, दुसरी घेतात. नाहीतर सुईने पाडलेल्या पेशी आजाराच्या नावावर जमा व्हायच्या. नमुनाही काही तासांतच तपासावा लागतो. तालुक्यातून सॅम्पल एसटीने पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी बघितलं, असं इथे चालत नाही.

हार्ट अटॅकमध्ये काय दिसलं?

फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की हार्ट अटॅक आलेल्या आणि बसल्या बसल्या छातीत दुखू लागलेल्या रुग्णांत या पेशी वाढलेल्या होत्या. पण चाललं की दुखतं, थांबलं की थांबतं, असा जुना स्थिर त्रास असलेल्यांत त्या वाढलेल्या नव्हत्या. फरक मोलाचा आहे. धमनी नुसती अरुंद होणं वेगळं आणि आतला थर फाटणं वेगळं.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या पथकाने अटॅकचे ५० रुग्ण आणि ४४ निरोगी माणसं तपासली. रुग्णांत या पेशी चौपटीहून जास्त होत्या. शिवाय त्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या, काहींत एकापेक्षा जास्त केंद्रकं असलेल्या दिसल्या. तेव्हा बराच गाजावाजा झाला. पण हे रक्त अटॅक सुरू झाल्यावर घेतलेलं होतं. चार दिवस आधी घेतलं असतं तरी असंच दिसलं असतं का, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

सिकलसेलचा धागा

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांसाठी या विषयात आणखी एक गोष्ट आहे. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात आणि अस्तर सोलतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये सिकलसेल रुग्णांच्या रक्तात अस्तराच्या पेशी निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त मोजल्या. अंगदुखीचा झटका आलेला असताना तर त्याहून जास्त. म्हणजे झटका नुसता हाडांच्या दुखण्याचा नसतो, त्या वेळी रक्तवाहिन्यांनाही आतून इजा होत असते. पोरगं दुखतंय म्हणून रडतं तेव्हा “सोंग करतो” म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं. सिकलसेल आहे की नाही हे कळायला मात्र ही महागडी मोजणी लागत नाही. साधी सोल्युबिलिटी चाचणी आणि पुढची खात्रीची तपासणी सरकारी यंत्रणेत होते.

डागडुजी करणाऱ्या पेशी

जपानी डॉक्टर ताकायुकी असाहारा यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये रक्तात फिरणाऱ्या, अस्तर दुरुस्त करू शकणाऱ्या पेशींचं वर्णन केलं. २००५ मध्ये जर्मनीत ५१९ हृदयरुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात या पेशी कमी होत्या त्यांच्यात वर्षभरात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे सुटलेल्या पेशी वाढणं वाईट आणि डागडुजीच्या पेशी घटणंही वाईट. पुढे मात्र गुंता झाला. दुरुस्तीच्या म्हणून मोजलेल्या बऱ्याच पेशी साध्या पांढऱ्या पेशींच्या जातीच्या निघाल्या.

गावातल्या माणसाने ही टेस्ट करावी का?

सध्या नाही. ही संशोधनातली मोजणी आहे, रोजच्या उपचारातली नाही. प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत वेगळी असल्यामुळे आकडाही वेगळा येतो. शिवाय या पेशी रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजारांत आणि गोचीड चावून येणाऱ्या काही तापांतही वाढतात. नुसत्या आकड्यावरून आजार ठरत नाही. त्यामुळे मोबाईलवर ‘एका थेंबात ब्लॉकेज ओळखा’ अशी जाहिरात आली तर पैसे भरण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवावी.

अस्तराची आडून खबर देणाऱ्या स्वस्त तपासण्या आहेतच. बीपी, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल. शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिनही बघावं. किडनीच्या बारीक वाहिन्या खराब होऊ लागल्या की ते लघवीत उतरतं. तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म आशाताई भरून घेतात आणि उपकेंद्रात बीपी-शुगर मोफत बघतात. तो फॉर्म भरताना तंबाखू आणि मिश्री लपवू नये. बायका मिश्रीला व्यसन धरत नाहीत, पण निकोटिन तेच.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं झालं तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. शुगर असलेल्या माणसाला कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. १०८ ला फोन करावा. दवाखान्यात ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्त तपासणी होते. ईसीजीत मोठा अटॅक दिसला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या बारा तासांतच देतात आणि पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर त्याचा गुण सगळ्यात जास्त येतो.