इंग्रजीही एकेकाळी कचेरीबाहेर उभी होती

इंग्रजी ही जन्मापासूनच राज्यकर्त्यांची भाषा असावी, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती याहून फार निराळी आहे. खुद्द इंग्लंडात, तेथील राजाच्याच न्यायालयांत, इंग्रजी कित्येक शतके परकी होती. याचा पुरावा केवळ जुन्या दप्तरांत नाही. इंग्रज माणूस रोज जे साधे शब्द उच्चारतो, त्यांतही तो साठवलेला आहे.

या शब्दांचा सर्वांत जुना थर पाचव्या शतकातला. आजच्या उत्तर जर्मनी व डेन्मार्कच्या प्रदेशांतून अँगल, सॅक्सन व ज्यूट या टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन वसल्या आणि त्यांच्या बोलींतून इंग्रजी आकाराला आली. ‘हाऊस’, ‘वॉटर’, ‘मिल्क’, ‘लँड’ हे शब्द तेव्हापासूनचे. त्यांच्या सोबतच्या काही शब्दांचे गोत्र तर आपल्या परिचयाचे आहे. ‘मदर’ आणि मातृ, ‘ब्रदर’ आणि भ्रातृ, ‘डोअर’ आणि द्वार, ‘विडो’ आणि विधवा, ‘काऊ’ आणि गो या जोड्या पाहाव्यात. बैलांच्या मानेवरचे आपले जू संस्कृत ‘युग’ या शब्दातून आले. इंग्रजी ‘योक’ त्याचाच भाऊबंद होय. हे साम्य उसनवारीचे नव्हे, एकाच मुळाचे आहे. सन १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाकडे जे लक्ष वेधले, त्यातून पुढे या विषयाचे शास्त्र उभे राहिले.

जुन्या इंग्रजीचा संसार भाकरीभोवती फिरत असे. आज सरदाराला लावला जाणारा ‘लॉर्ड’ हा शब्द मुळात ‘भाकरीचा राखणदार’ अशा अर्थाचा, तर ‘लेडी’ म्हणजे ‘भाकरीचे पीठ मळणारी’. शतकानुशतके झिजून ते शब्द इतके लहान झाले, की त्यांतली भाकरी आता कोणाला दिसत नाही.

नवव्या शतकात उत्तरेकडील व्हायकिंग लोक इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत स्थायिक झाले. आरंभी ते लुटारू होते. पुढे शेजारी झाले. शेजाऱ्याचे शब्द घरात येण्यास वेळ लागत नाही. ‘स्काय’, ‘एग’ हे त्यांचेच. ‘विंडो’ही त्यांचाच, त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. ‘ते लोक’ या अर्थाचे ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांच्याकडून आले, आणि कायद्यासाठीचा ‘लॉ’ हा शब्दही.

खरा आघात झाला तो सन १०६६ मध्ये. हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा विल्यम विजयी झाला. राजा, सरदार व बडे धर्माधिकारी यांची भाषा फ्रेंच झाली. लेखी दप्तर लॅटिनमध्ये राहिले. ‘कोर्ट’, ‘जज’, ‘ज्यूरी’, ‘प्रिझन’, ‘टॅक्स’, ‘पार्लमेंट’ हे सत्तेचे शब्द फ्रेंचच्या वाटेने आले. गोठ्यातील गाय ‘काऊ’ राहिली, पण पंगतीतले तिचे मांस ‘बीफ’ झाले. कळपातली मेंढी ‘शीप’, ताटात मात्र ‘मटण’. ही वाटणी एका दिवसात झाली नाही आणि आरंभी ती इतकी काटेकोरही नव्हती. तथापि जनावर राखणारा कोण आणि ते खाणारा कोण, हे या जोड्यांतून आजही कळते.

यात सर्वाधिक नाडला गेला तो न्याय मागणारा सामान्य माणूस. त्याची जमीन, त्याची अब्रू, कधी त्याचा प्राणही ज्या युक्तिवादावर अवलंबून असे, तो युक्तिवाद त्याला समजत नसे. अखेर १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला, की न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. कारण फ्रेंच भाषा राज्यात फारशी कोणास कळत नाही आणि आपल्या बाजूने वा विरुद्ध काय बोलले जाते याचा पक्षकारांना पत्ता लागत नाही. गंमत अशी, की हा कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्येच! शिवाय नोंदी लॅटिनमध्येच ठेवाव्यात, असेही त्यात म्हटले होते. शाळा मात्र वेगाने बदलल्या. मुले आता फ्रेंच सोडून इंग्रजीतून शिकतात, असे जॉन ट्रेव्हिसा याने १३८५ मध्ये नोंदवून ठेवले आहे.

कायदा झाला, पण वकिलांची सवय सुटली नाही. १६५० मध्ये पार्लमेंटने पुन्हा इंग्रजीचा आग्रह धरला. १६६० मध्ये राजसत्ता परतताच तो निर्णय रद्द झाला. अखेर १७३१ च्या कायद्याने दप्तरासह सर्व कामकाज इंग्रजीत आणले व १७३३ पासून तो अमलात आला. हेस्टिंग्जपासून मोजल्यास ६६७ वर्षे झाली होती.

मराठीलाही हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. अर्ज, वकील, फिर्याद हे आपले कचेरीतले शब्द फारसीच्या वाटेने आले. आई, भाकरी, पाणी घरचेच राहिले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारी व्यवहारातील फारसी शब्दांना पर्याय मिळावेत म्हणून. तरीही पुष्कळ फारसी शब्द मराठीत टिकले आणि त्यांनी मराठी बुडाली नाही, जशी फ्रेंच शब्दांनी इंग्रजी बुडाली नाही. उसन्या शब्दांनी भाषा मरत नाही. घरातले बोलणे थांबले की मरते.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे अर्धाच धडा घेणे होय. इंग्रजी जगली ती स्वयंपाकघरात, गोठ्यात आणि शेतात. ती बोलणाऱ्यांना न्याय मात्र तेथे मिळाला नाही. आपल्यावरचा आरोप आपल्या भाषेत ऐकण्यासाठी त्यांना कचेरीचे दार उघडावेच लागले, आणि एकदा उघडलेले दार पुन्हा बंद झाल्यावर दुसऱ्यांदाही उघडावे लागले. आपल्या भाषेत कागद मागणाऱ्याला हट्टी म्हणणाऱ्यांनी इंग्रजीचा हा इतिहास एकदा तरी वाचावा.