बुडालेली बँक आणि एक कायदा

इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचें मोल येऊन मुंबईंत पैशाचा पूर लोटला. त्यांतून शेअरांचें वेड लागलें. समुद्र हटविण्यास निघालेल्या बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. पुढें युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १८६५ च्या १ जुलै रोजीं वायद्यांची मुदत भरतांच सारा डोलारा कोसळला. ही कथा लोभाचें फळ म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. पण लोभ कांहीं त्या सालीं नव्यानें जन्मास आला नव्हता.

नवा होता तो कायदा. १८४० सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेनें कर्ज कशाच्या तारणावर द्यावें, याला सनदेचीं कडक बंधनें होतीं. १८६३ च्या कायद्यानें तीं सैल झालीं व कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची मुभा मिळाली. मग एक शेअर गहाण टाकावा, त्या पैशांत दुसरा घ्यावा. मागणीनें भाव चढावा, आणि चढलेल्या भावामुळें तारण भारी ठरून आणखी कर्ज मिळावें! कर्जानें भाव वाढे व भावानें कर्ज. शिवाय भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवण्याची सोय १८५७ सालीं कंपन्यांस व १८६० सालीं बँकांसही मिळालेली असल्यानें कंपनी काढणें सोपें झालें होतें. प्रेमचंद रायचंद यांचें वजन तर बँकेंत एवढें कीं, त्यांच्या शिफारशीस नकार क्वचितच मिळे. (विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीचा, तो अजून उभा आहे.) सरकारनें नेमलेले संचालक मंडळावर बसत, म्हणून लोक निर्धास्त होते.

कायदे व रूढी यांवरच अर्थव्यवहाराचें वळण ठरतें, असें मानणारा अर्थशास्त्रज्ञांचा एक पंथ आहे; त्यांतील डग्लस नॉर्थ यांस १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मुंबईच्या चौकशी-मंडळानें हें सव्वाशें वर्षें आधींच ओळखलें होतें. बँक १८६८ सालीं बुडाली, भागीदारांचें जवळजवळ सारें भांडवल गेलें. तेव्हां मंडळानें चिटणिसांच्या गैरवर्तनास व संचालकांच्या हयगयीस दोष दिलाच, पण १८६३ च्या कायद्यासही दिला.

त्याच नांवाची नवी बँक १८६८ मध्येंच उघडली. १८७६ च्या कायद्यानें इलाखा बँकांवर पुन्हां बंधनें घातलीं. सरकारनें मात्र त्याच वेळीं आपलें भांडवल काढून घेतलें, आणि आपले संचालकही.