मांजरेचें खोरें आणि पावणेदोन हात माती

इ. स. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. तो प्रसंग ज्यांनीं अनुभवला त्यांस धनेगांवच्या आटलेल्या धरणाचें वर्णन करून सांगावयास नको. मांजरा नदी बालाघाटांत उगम पावते, लातुरावरून कर्नाटक व तेलंगणांत मोठा वळसा घेते आणि तेरणा, मन्याड, लेंडी यांचें पाणी घेऊन नांदेडच्या सीमेवर गोदावरीस मिळते. हिच्या खोऱ्यांत पडणाऱ्या पावसापैकीं नदींत किती उतरतो, हें सांगावयाचें तर आधीं जमीन कोणती व तिच्यावर काय उभें आहे, हें ठाऊक पाहिजे.

पाण्यासाठीं हा प्रश्न अलीकडे विचारूं लागले. साऱ्यासाठीं तो फार पूर्वींच विचारला गेला होता. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ पासून इंदापूर तालुक्यांत जी मोजणी आरंभिली, तिचाच धडा पुढें निजामाच्या राज्यांतील मराठवाड्यानें गिरविला. प्रतबंदीचा कारकून शेत खणून मातीची खोली हातांनीं मोजी. पावणेदोन हात खोल, काळी, एकजिनसी माती असली तर ती सोळा आणे. पाव हातच असली तर साडेचार आणे. मग दोष पाहावयाचे: चुनखडी, वाळू, उतार, लोंढ्यानें धुपून जाण्याची भीति, झऱ्यांची फाजील ओल. दर दोषामागें प्रत एकेक पायरी उतरे. सरकारला हवा होता महसूल. परंतु ही दोषांची यादी वाचतांना आपण जलशास्त्राचाच एखादा ग्रंथ वाचीत आहों, असा भास होतो.

१९५४ च्या सुमारास अमेरिकेच्या मृत्संधारण खात्यानें मातीचे चार वर्ग पाडून प्रत्येक आच्छादनास एकेक अंक दिला. आपली खोल काळी माती शेवटच्या, म्हणजे पाणी सर्वांत कमी मुरविणाऱ्या वर्गांत पडते. त्या वर्गांत उघड्या, मोकळ्या जमिनीचा अंक ९४, तर चांगल्या गवताच्या कुरणाचा ८०. अंतर क्षुल्लक वाटतें खरें. पण शंभर मिलिमीटर पावसाचा हिशोब करा. पहिलींतून सुमारें ८३ मिलिमीटर वाहून जातो, दुसरींतून सुमारें ५०. गायरान मोडून नांगर घातला म्हणजे गांवाच्या ओढ्यास काय होतें, तें यावरून ध्यानांत येईल. अर्थात् कोष्टकाला वैशाखांत भेगाळलेल्या रानाची कल्पना कोठून असणार? पहिला पाऊस त्या भेगा गिळून टाकतात, हें औशाचा कोणताहि शेतकरी सांगेल.

आतां गांवोगांव फिरून आच्छादन टिपण्याची गरज उरली नाहीं. १९७२ मध्यें अमेरिकेचा पहिला लँडसॅट व १९८८ मध्यें आपला आय.आर.एस.-१ए हे उपग्रह गेल्यापासून तें काम आकाशांतून होऊं लागलें. पण तेथेंहि अडचण आहेच. पावसाळ्यांत ढग आडवे येतात, आणि भाद्रपदांत सोयाबीन व ऊंस दोन्ही हिरवेच. एक पीक दिवाळीआधीं निघतें, दुसरें बाराही महिने पाणी पितें. म्हणून निदान दोन हंगामांचीं चित्रें शेजारीं ठेवल्यावांचून खोऱ्याचा हिशोब जुळत नाहीं. शिवाय उपग्रहास दिसते ती वरची कातडी. खालीं पावणेदोन हात माती आहे कीं पाव हातावर मुरूम लागतो, हें त्यास कळत नाहीं. त्यासाठीं अजूनहि शेत खणूनच पाहावें लागतें.