वॉरंट निघाले आहे का, कसे पाहाल?

समन्स बजावूनही न्यायालयात गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. 'ई-कोर्ट्स'च्या संकेतस्थळावर जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव किंवा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकल्यास खटल्याचा टप्पा व पुढील तारीख कळते. खात्री मात्र न्यायालयातील नोंदीवरूनच करावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ नुसार वॉरंट लेखी, सही-शिक्क्याचे असावे लागते. बजावले जाईपर्यंत वा ते काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत ते अमलात राहते. जुने झाले म्हणून संपत नाही. जामीनपात्र वॉरंटमध्ये ठरलेला जामीन दिल्यास सुटका होते. अजामीनपात्र असल्यास त्याच न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज करता येतो. अटक करताना पोलिसांकडे वॉरंट पाहण्याची मागणी करावी. तो आपला हक्कच आहे.