नंबरप्लेटमागचा पत्ता: अपघाताची नोंद नक्की कुणाची?

आजच्या भागात कोर्टं आहेत, कलमं आहेत आणि सगळी गोष्ट अमेरिकेतली आहे. तरीही हेडफोन काढू नका. समजा, रस्त्यावर तुमची गाडी ठोकली. पोलीस आले, त्यांनी कागद भरला. त्यावर तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख, लायसन्स नंबर असं सगळं आलं. आता तो कागद कोण मागू शकतं? या प्रश्नावर तिकडे गेली तीस वर्षं भांडण चाललंय, आणि मला ते फार रंजक वाटतं.

सुरुवात मात्र अपघाताने होत नाही, खुनाने होते. १८ जुलै १९८९, लॉस एंजेलिस. रिबेका शेफर ही २१ वर्षांची अभिनेत्री, ‘माय सिस्टर सॅम’ या टीव्ही मालिकेमुळे लोकांच्या ओळखीची झालेली. बेल वाजली, तिने दार उघडलं आणि समोरच्या माणसाने तिच्यावर गोळी झाडली. हा माणूस ३ वर्षं तिच्या मागावर होता. तिचं घर त्याला कसं सापडलं? त्याने एका खासगी गुप्तहेराला २५० डॉलर दिले. गुप्तहेराने तो पत्ता काढला कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्यातून, म्हणजे आपल्या भाषेत आरटीओतून. आता नीट ऐका. यात हॅकिंग नव्हतं, कपाटं फोडणं नव्हतं. किरकोळ फी भरली की पत्ता मिळायचा. खिडकीवर उभं राहून सातबाऱ्याचा उतारा मागावा, तितकं ते सोपं होतं.

आणि हे फक्त कॅलिफोर्नियात नव्हतं. आयोवात काही पोरं महागड्या गाड्यांचे नंबर टिपून घ्यायची, त्यावरून मालकाचा पत्ता काढायची आणि घर फोडायची. गर्भपाताला विरोध करणारे काही लोक दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरवरून डॉक्टरांची आणि तिथे येणाऱ्या बायकांची घरं शोधायचे. राज्य सरकारांना याचं फारसं वाईट वाटत नव्हतं, कारण माहितीची विक्री हा चांगला धंदा होता. एकट्या विस्कॉन्सिनला त्यातून वर्षाला सुमारे ८० लाख डॉलर मिळत होते.

शेवटी सिनेटर बार्बरा बॉक्सर आणि प्रतिनिधी जिम मोरान यांनी विधेयक आणलं. १९९४ च्या त्या मोठ्या गुन्हेगारीविरोधी कायद्यातच ते बसवलं गेलं आणि १३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. नाव, ‘ड्रायव्हर्स प्रायव्हसी प्रोटेक्शन ॲक्ट’. मोटार खात्याच्या नोंदीतलं नाव, पत्ता, फोन, फोटो, लायसन्स नंबर वाटेल त्याला द्यायचा नाही. त्याला १४ अपवाद: पोलिसांचं काम, विमा, कोर्टातला खटला वगैरे. कुणी मुद्दाम नियम मोडला तर किमान २,५०० डॉलर भरपाई. साउथ कॅरोलिनाने याला आव्हान दिलं: आमच्या राज्याच्या कागदांवर केंद्र सरकार हुकूम कसा चालवणार? सुप्रीम कोर्टात जानेवारी २००० मध्ये निकाल लागला, ९ विरुद्ध शून्य, राज्य हरलं. निकाल लिहिला सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी, जे एरवी राज्यांच्या अधिकारांची बाजू घेणारे म्हणून ओळखले जायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. ही माहिती तुम्ही बाजारात विकता ना? मग ती बाजारातली वस्तू झाली, आणि राज्याराज्यांमधल्या व्यापारावर नियम करायचा अधिकार काँग्रेसचा आहे.

आता येतो आपला अपघात. कायद्याने ‘वैयक्तिक माहिती’ची व्याख्या केली आणि शेवटी एक ओळ जोडली: वाहन अपघात, वाहतुकीचे नियमभंग आणि लायसन्सची स्थिती यांची माहिती त्यात धरायची नाही. वाचायला किती सरळ! अपघात झाला ही गोष्ट खासगी नाही. पण अपघातात सापडलेल्या माणसाचं नाव आणि पत्ता? तो अपघाताचा भाग की त्या माणसाचा? यावर ती ओळ गप्प आहे.

१९९४ मध्ये ही गप्प राहणारी ओळ कुणाला खुपली नसावी, कारण तेव्हा बरेच पोलीस वहीपेन घेऊन ड्रायव्हरला विचारत विचारत फॉर्म भरत. नंतर गाडीत लॅपटॉप आला. लायसन्स नंबर टाकला की मोटार खात्याच्या डेटाबेसमधून नाव-पत्ता आपोआप फॉर्मवर उतरतो. झाला की घोळ! तोच पत्ता ड्रायव्हरने तोंडाने सांगितला असेल तर तो पोलिसांचा कागद, आणि मशीनने भरला असेल तर ती मोटार खात्याची संरक्षित नोंद. अक्षरं तीच, कायदा वेगळा.

हा घोळ पेटला मात्र अपघातामुळे नाही, तर २० डॉलरच्या पार्किंगच्या दंडामुळे. शिकागोजवळच्या पॅलाटाइन गावात २०१० मध्ये रात्री रस्त्यावर गाडी लावली म्हणून पोलिसाने काचेवर पावती अडकवली. पावतीवर मालकाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, लायसन्स नंबर, शिवाय उंची आणि वजनसुद्धा! (वजन कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.) मालकाने खटला भरला. २०१२ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने म्हटलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी पावती ठेवणं म्हणजे माहिती उघड करणंच. पुढे २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर पोलीस ठाण्यांचे वकील घाबरले होते.

विस्कॉन्सिन त्याच सर्किटमध्ये येतं. तिथल्या अनेक पोलीस ठाण्यांनी अपघाताच्या अहवालांवर काळा मार्कर फिरवायला सुरुवात केली. आणि इथे मला या कायद्याचं कौतुक थांबवावंसं वाटतं. न्यू रिचमंड नावाच्या छोट्या गावातल्या स्थानिक वृत्तपत्राने अहवाल मागितले, तर नावं खोडलेले कागद हातात आले. आता विचार करा. धडक नगरसेवकाच्या गाडीने दिली की पोलिसांच्याच गाडीने, एकाच वळणावर एकच ट्रकवाला तिसऱ्यांदा धडकला का, हे नावांशिवाय गावाला कळणार कसं? वृत्तपत्र कोर्टात गेलं. २०१६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने सांगितलं: अपघाताचा अहवाल लोकांना दाखवा असं राज्याचा कायदाच म्हणतो, आणि केंद्राच्या १४ अपवादांत त्याला जागा आहे. मार्कर खाली ठेवा.

दुसरी बाजूही आहे, आणि तीही खरी आहे. या अहवालांचे सगळ्यात उत्साही वाचक पत्रकार नव्हेत, वकील. अपघात झाला की तिसऱ्या दिवशी पत्रपेटीत नुकसानभरपाईची चकचकीत जाहिरात. (माझी एक मैत्रीण स्कूटीवरून पडली, तर पायाचं प्लॅस्टर वाळायच्या आत ‘मॅडम, क्लेम करायचाय का?’ असा फोन आला होता. नंबर कुणी दिला, ते कळलं नाही.) फ्लोरिडात वकिलांच्या संघटनेनेच नियम केला होता की अपघातानंतर ३० दिवस जखमींना किंवा त्यांच्या घरच्यांना अशी पत्रं पाठवायची नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये तो ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला. २००१ मध्ये फ्लोरिडा आणखी पुढे गेलं: अपघाताचा अहवाल ६० दिवस बंद. त्या काळात तो मिळणार फक्त अपघातातल्या लोकांना, त्यांच्या वकिलांना, विमा कंपन्यांना, आणि हो, वृत्तपत्रांना. मला हा तोडगा आवडतो, कारण तो माणसांमध्ये नाही तर वेळेत भिंत घालतो. शोकातल्या घराला दोन महिने मिळतात आणि बातमीही अडत नाही.

सगळीकडे असं सुटलेलं नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने, पुन्हा ५ विरुद्ध ४ मतांनी, सांगितलं की मोटार खात्याची माहिती वापरून अशील गोळा करणं हे ‘खटल्याच्या कामा’त बसत नाही. त्या प्रकरणात वकिलांनी ३४,००० हून जास्त लोकांना पत्रं धाडली होती. लोकांना वाटलं, आता जाहिरातींची पत्रं थांबतील. मग नॉर्थ कॅरोलिनातल्या काही अपघातग्रस्तांनी, पोलीस अहवालातून पत्ते उचलणाऱ्या वकिलांवर दावा लावला. २०२२ मध्ये चौथ्या सर्किटच्या न्यायालयात ते हरले. कारण? वकिलांनी माहिती ‘मोटार खात्याच्या नोंदीतून’ घेतली हे त्यांना दाखवता आलं नाही. म्हणजे पुन्हा तेच: पत्ता कुणाचा यापेक्षा तो कुठल्या कागदावरून उचलला, याला जास्त किंमत.

आपल्याकडची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. मार्च २०१९ मध्ये केंद्राने गाड्यांची आणि लायसन्सची माहिती ठोक भावात देण्याचं धोरण आणलं. त्याच जुलैमध्ये संसदेत सांगण्यात आलं की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी यंत्रणांना ही माहिती देऊन सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले. विस्कॉन्सिनचे ८० लाख डॉलर आठवले ना? जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं. दिलेली माहिती त्या कंपन्यांकडून परत घेण्याचा मार्ग मात्र कुठल्याच धोरणात नसतो.

पुढच्या भागात टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यांकडे वळू. तोवर प्रश्न पाठवत राहा.